शेतकरी, न्यायाधीश, खासदार : दलीपसिंग सौंद



चिक्कोडीत जन्मलेले आणि आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले, तेव्हा गावात त्याची बरीच चर्चा झाली. त्यांचे 'ही श्रीची इच्छा' हे आत्मचरित्र अनेक घरांत होतेच, ते पुन्हा वाचले गेले. त्याच सुमारास नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने हात वर केला. "सर, अमेरिकेत न जन्मलेला माणूस तिथे खासदार कसा होऊ शकतो? आणि असा पहिला भारतीय कोण?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी जन्माने नागरिक असावे लागते. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा सदस्य होण्यासाठी मात्र वय किमान २५ वर्षे, नागरिकत्व मिळून किमान ७ वर्षे आणि निवडणुकीच्या वेळी त्या राज्यातील वास्तव्य एवढे पुरते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका नावाचे आहे : दलीपसिंग सौंद. पण ते नाव फळ्यावर लिहून मला पुढे जाता आले नाही. कारण त्या एका माणसाच्या आयुष्यात 'नागरिक' या शब्दाचा सगळा धडा येऊन जातो. तो धडा तासाभरात संपला नाही, म्हणून या अंकात लिहीत आहे.

एका खोलीची शाळा

सौंद यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजी पंजाबातील अमृतसर जिल्ह्यात छज्जलवड्डी या खेड्यात एका शीख कुटुंबात झाला. वडील नाथासिंग आणि चुलते सरकारी बांधकामाची कंत्राटे घेत. घरात पैसा होता, पण आईवडिलांना अक्षरओळख नव्हती. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलांना मिळावे, म्हणून वडील आणि चुलत्यांनी गावाजवळ एका खोलीची शाळा सुरू केली. दलीपसिंगांचे पहिले धडे तिथे झाले. ते दहा वर्षांचे असताना वडील वारले. तरी शिक्षण थांबले नाही. पुढे जम्मूच्या कॉलेजात शिकून त्यांनी १९१९ मध्ये पंजाब विद्यापीठाची गणिताची पदवी घेतली.

१९१९ हे साल लक्षात घ्या. त्या एप्रिलमध्ये अमृतसरला जालियनवाला बाग हत्याकांड झाले. वीस वर्षांचा हा तरुण गांधीजींच्या विचारांनी भारला होता. दुसरीकडे अब्राहम लिंकन आणि त्या वेळचे अमेरिकन अध्यक्ष वुड्रो विल्सन यांची भाषणेही तो वाचत होता. लोकशाही ही वस्तू जिथे नांदते तो देश पाहावा, असे त्याला वाटू लागले.

घरच्यांना पटवण्यासाठी त्याने एक व्यवहारी कारण पुढे केले. अमेरिकेत फळे टिकवण्याचे आणि डबाबंद करण्याचे शास्त्र शिकायचे, दोन-तीन वर्षांत परत यायचे आणि इथे आंबा डबाबंद करण्याचा कारखाना काढायचा! १९२० मध्ये इंग्लंडमार्गे तो अमेरिकेस पोहोचला. दोन-तीन वर्षांचा हा बेत पुढे सदतीस वर्षे लांबला.

गणिताचा डॉक्टर भाजीच्या शेतात

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत त्याने नाव घातले. स्टॉकटन या गावी तिथल्या शीख शेतकऱ्यांनी गुरुद्वारा बांधलेला होता. त्याच संस्थेने बर्कलीत विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह ठेवले होते. राहायची सोय तिथे झाली. सुटीत डबाबंद फळांच्या कारखान्यांत मजुरी करायची आणि त्यावर वर्षाचा खर्च भागवायचा, असा क्रम होता. शेतकीशास्त्रासाठी आलेला हा विद्यार्थी लवकरच आपल्या जुन्या प्रेमाकडे, म्हणजे गणिताकडे वळला. १९२२ मध्ये एम.ए. आणि १९२४ मध्ये पीएच.डी. त्याने पूर्ण केली.

आता पुढे काय? आज अशा माणसाला विद्यापीठात जागा मिळेल असे आपण धरून चालू. १९२४ मध्ये तसे नव्हते. भारतीय माणसाला कॅलिफोर्नियात खरा वाव एकाच व्यवसायात होता, तो म्हणजे शेती. १९२५ मध्ये डॉ. सौंद राज्याच्या दक्षिण टोकाला इंपीरियल व्हॅली या भागात गेले आणि कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या टोळीवर मुकादम झाले.

इंपीरियल व्हॅली म्हणजे समुद्रसपाटीपेक्षाही खोल असलेले वाळवंट. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाऊस जवळजवळ नाहीच. पण कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणल्यावर तिथे सोने पिकू लागले. पंजाबच्या कालव्यांवर वाढलेल्या शेतकऱ्यांना हे काम रक्तातच होते. अनेक पंजाबी तिथे येऊन स्थिरावले होते. सौंद यांनीही स्वतःची शेती सुरू केली. सॅलडचा पाला, बीट, लसूणघास अशी पिके घेतली. कधी भाव चढले, कधी पार पडले. १९२९ नंतरच्या महामंदीत ते कर्जात बुडाले. दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग कायद्याने खुला होता आणि कित्येकांनी तो धरला. सौंद यांनी धरला नाही. कर्ज फिटायला वर्षे लागली, पण त्यांनी ते फेडले. वीस वर्षांनी त्याच गावकऱ्यांपुढे मत मागायला उभे राहिल्यावर ही फेडलेली देणी कामी आली असतील.

१९२८ मध्ये मॅरियन कोसा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मॅरियन या एका चेक चित्रकाराच्या कन्या, कॉलेजात शिकणाऱ्या. पुढे त्यांना एक मुलगा आणि दोन मुली झाल्या.

शेतीत असूनही लेखणी आणि भाषण सुटले नव्हते. कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेने १९२७ मध्ये 'मदर इंडिया' हे पुस्तक लिहून भारतीय समाजाचे अतिशय काळे चित्र रंगवले. त्याने भारतात आणि परदेशात खळबळ माजली. सौंद यांनी १९३० मध्ये 'माय मदर इंडिया' हे पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले. ते स्टॉकटनच्या गुरुद्वाऱ्याने प्रसिद्ध केले. चर्चमध्ये, क्लबांत, जिथे बोलावतील तिथे ते भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडत राहिले.

'गोरा' म्हणजे कोण?

आता गोष्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. इतकी वर्षे राहून, कर भरून, संसार थाटून सौंद अमेरिकेचे नागरिक का झाले नाहीत? कारण कायदा त्यांना नागरिक होऊच देत नव्हता.

अमेरिकेत १७९० मध्ये झालेल्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्या माणसाला नागरिकत्व मिळायचे असेल, तर तो 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असावा लागे. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातल्या माणसांचे काय, हे कायद्यात स्पष्ट नव्हते. त्यामुळे एखाद्या न्यायाधीशाने भारतीयाला 'गोरा' मानून नागरिकत्व द्यावे आणि दुसऱ्याने नाकारावे, असा गोंधळ बरीच वर्षे चालला. मुंबईचे एक पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० च्या सुमारास असे नागरिकत्व मिळाले होते.

अखेर प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे तीन महिन्यांच्या अंतराने जे दोन निकाल लागले, ते शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज आला. त्यांचे म्हणणे असे की माझी कातडी अनेक गोऱ्यांपेक्षा उजळ आहे. न्यायालय म्हणाले, रंगाचा प्रश्नच नाही. 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा. जपानी माणूस त्या वंशाचा नाही, म्हणून अर्ज नामंजूर.

फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांचा दावा आला. हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचे म्हणणे असे की त्या काळचे वंशशास्त्रच उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणते, आणि तुम्हीच तीन महिन्यांपूर्वी तो निकष सांगितला आहे. यावर न्यायालय म्हणाले, शास्त्रज्ञ काय म्हणतात ते राहू द्या. सामान्य माणूस 'गोरा' म्हणताना ज्याची कल्पना करतो तो खरा गोरा, आणि तो हिंदी माणसाला गोरा म्हणत नाही. अर्ज नामंजूर.

वर्गात मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आधी ठरवायचं, मग कारण शोधायचं!" त्या मुलाला मी खाली बस म्हणालो नाही. आजचे बहुतेक अभ्यासकही फारसे वेगळे म्हणत नाहीत.

थिंद यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणाऱ्या वकिलाचे नाव आपल्या कानाला परके वाटणार नाही : सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करत. थिंद यांचा निकाल लागताच सरकारने आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचे नागरिकत्वही काढून घ्यायला सुरुवात केली. त्यात पंडितांवरही दावा झाला. त्यांनी तो स्वतःसाठी लढवला. नागरिकत्वाच्या भरवशावर मी व्यवसाय, घर, संसार उभारला, आणि एकदा न्यायालयाने रीतसर दिलेला निर्णय आता मागे घेता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायलाही नकार दिला. ज्या वकिलाचे अशील हरले, त्या वकिलाने आपल्या विजयाने बाकीच्यांचे नागरिकत्व काढण्याची मोहीम थोपवली. इतिहासाच्या पुस्तकात या माणसाला एखादी ओळ मिळायला हवी.

पण नव्याने अर्ज करणाऱ्यांना दार बंदच राहिले. त्याचे परिणाम फक्त मतदानापुरते नव्हते. कॅलिफोर्नियात १९१३ आणि १९२० मध्ये झालेल्या कायद्यांनी, ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन विकत घेण्यावर आणि खंडाने करण्यावर बंदी घातली होती. त्यामुळे अनेक पंजाबी शेतकरी गोऱ्या मित्राच्या किंवा वकिलाच्या नावावर जमीन घेत आणि त्याच्या शब्दावर विसंबून राहत. १९३१ पर्यंत तर असा कायदा होता की नागरिकत्वास अपात्र परदेशी माणसाशी एखाद्या अमेरिकन स्त्रीने लग्न केले, तर तिचेही नागरिकत्व जाई.

कायदा बदलतो कसा?

सौंद यांनी ठरवले की रडत बसायचे नाही आणि परतही जायचे नाही. १९४२ मध्ये त्यांनी इतर भारतीयांबरोबर 'इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका' ही संस्था उभी केली आणि तिचे ते अध्यक्ष झाले. इंपीरियल व्हॅलीतल्या शेतकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. पूर्वेला न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग हे व्यापारी 'इंडिया लीग'च्या वतीने खासदारांचे उंबरठे झिजवत होते.

संसदेत दोन सदस्यांनी हा प्रश्न हाती घेतला. रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर. दोघांचे पक्ष परस्परविरोधी, पण विधेयक एक. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिक दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढले होते, त्याचाही उपयोग झाला. २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली आणि भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला. त्याचबरोबर भारतातून वर्षाला किती माणसे कायमची येऊ शकतील याचा आकडाही ठरला : फक्त १००. मुले हसली, पण शून्याच्या तुलनेत शंभर किती मोठे, हे गणिताच्या डॉक्टरला विचारावे!

१६ डिसेंबर १९४९ रोजी दलीपसिंग सौंद अमेरिकेचे नागरिक झाले. देशात पाऊल ठेवल्याला २९ वर्षे झाली होती. वय पन्नास.

दोन निवडणुका, दोन तारखा

पन्नाशीत मत द्यायचा हक्क मिळालेला माणूस काय करेल? सौंद यांनी लगेच निवडणूक लढवली. अमेरिकेत काही ठिकाणी खालच्या न्यायालयाचे न्यायाधीशही लोक मतांनी निवडतात. नोव्हेंबर १९५० मध्ये ते वेस्टमोरलँड या छोट्या गावचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. पण त्या पदासाठी एक वर्षाचे नागरिकत्व आवश्यक होते, आणि वर्ष पुरे व्हायला सव्वा महिना कमी होता. न्यायालयाने निवड रद्द केली.

त्यांनी १९५२ मध्ये पुन्हा अर्ज भरला. या प्रचारातला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एका गृहस्थाने चारचौघांत त्यांना टोमणा मारला : तुम्ही न्यायाधीश झालात तर आम्हाला कोर्टात फेटे बांधून यावे लागेल काय, आणि ते फेटे तुम्ही पुरवणार की आम्ही विकत आणायचे? सौंद न चिडता म्हणाले, माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्याच्या आत काय आहे एवढेच मी पाहतो. ऐकणारे हसले, आणि टोमणा मारणाराही. सौंद निवडून आले. गावातले जुगाराचे अड्डे आणि इतर बेकायदा धंदे त्यांनी कडक शिक्षा देऊन मोडून काढले. एव्हाना शेतीबरोबर त्यांचा खतविक्रीचा व्यवसायही होता.

१९५६ मध्ये त्यांनी थेट संसदेसाठी अर्ज भरला. इथे थोडी माहिती. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिची दोन सभागृहे. सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असतात, मुदत सहा वर्षे. कनिष्ठ सभागृह म्हणजे प्रतिनिधिगृह. त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात ४३५ सदस्य असतात, मुदत फक्त दोन वर्षे. आपल्या लोकसभेची मुदत पाच वर्षे आहे. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला एक निवडणूक संपते न संपते तोच दुसरीची तयारी करावी लागते. आणखी एक फरक असा की पक्षाचा उमेदवार कोण हे तिथे आधी मतदारच ठरवतात. त्या प्राथमिक निवडणुकीत सौंद यांच्या प्रतिस्पर्ध्याने न्यायालयात धाव घेतली : यांना नागरिक होऊन सात वर्षे झालेली नाहीत!

हिशेब करून पाहा. नागरिकत्व १६ डिसेंबर १९४९. सात वर्षे पुरी १६ डिसेंबर १९५६. मतदान ६ नोव्हेंबर १९५६. म्हणजे मतदानाच्या दिवशी सात वर्षे खरोखरच झालेली नव्हती. पण नवी काँग्रेस बसणार होती ३ जानेवारी १९५७ रोजी, आणि तोवर सात वर्षांवर अठरा दिवस होत होते. न्यायालयाने आक्षेप मानला नाही. सहा वर्षांपूर्वी महिनाभराच्या फरकाने पद गमावलेला माणूस या वेळी अठरा दिवसांनी तरला.

मुख्य लढतीत त्यांच्यासमोर होत्या जॅकलिन कॉक्रन ओडलम, देशभर गाजलेल्या वैमानिक. १९५३ मध्ये ध्वनीपेक्षा जास्त वेगाने विमान चालवणारी पहिली स्त्री म्हणजे त्याच. पती मोठे धनिक. सौंद यांच्याकडे पैसा नव्हता, पण घरची माणसे आणि शेजारी होते. पत्नी, मुले, मित्र दारोदार फिरून नवे मतदार नोंदवत आणि जेवणावळी मांडून लोकांना भेटत. जमीन, पाणी, शेतमालाचे भाव या विषयांवर सौंद शेतकऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलत, कारण ते स्वतः त्यांतलेच होते. थोड्या मताधिक्याने ते जिंकले. अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेले ते पहिले भारतीय, पहिले शीख आणि आशियात जन्मलेले पहिले पूर्ण सदस्य ठरले.

काँग्रेसमध्ये

नव्या सदस्याला सहसा न मिळणारी परराष्ट्र व्यवहार समितीची जागा त्यांना मिळाली. १९५७ च्या अखेरीस ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर पत्नी आणि मुलगी होत्या. दौऱ्यात भारतही होता. सदतीस वर्षांनी ते छज्जलवड्डीला गेले. आंब्याचा कारखाना काढण्यासाठी दोन-तीन वर्षांत परतणारा मुलगा खासदार होऊन आला होता. सारा गाव लोटला.

१९५८ आणि १९६० मध्ये ते पुन्हा निवडून आले. आपल्या मतदारसंघासाठी कालव्याचे पाणी, शेती आणि सीमेपलीकडून येणाऱ्या मेक्सिकन मजुरांचे प्रश्न त्यांनी लावून धरले. कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी आलेल्या १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. गरीब देशांना दिलेली मदत तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या आणि सैन्याच्या हाती न जाता सामान्य माणसापर्यंत पोहोचली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. १९६१ मध्ये परराष्ट्र मदतीसाठी सरकारला अनेक वर्षांची एकदम उचल देण्याऐवजी दरवर्षी संसदेची मंजुरी घ्यावी, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली आणि ती सभागृहात मंजूर झाली. अध्यक्ष केनेडी त्यांच्याच पक्षाचे होते आणि त्यांना ती नको होती, हे विशेष. सरकारी पैशावर लोकप्रतिनिधींचा हात असावा हे तत्त्व त्यांनी पक्षापेक्षा वर ठेवले.

१ मे १९६२ रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, आधाराशिवाय चालता येईना. ज्याचे भांडवल शब्द होते, त्याचे शब्दच गेले. रुग्णालयात असतानाच प्राथमिक निवडणूक त्यांनी जिंकली, पण नोव्हेंबरमध्ये ते हरले. पुढची अकरा वर्षे त्यांनी आजारपणात काढली. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर भारतीय वंशाचा पुढचा सदस्य, बॉबी जिंदाल, काँग्रेसमध्ये पोहोचायला जानेवारी २००५ उजाडावे लागले. मध्ये चार दशके गेली. याच २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील टेमेक्युला गावच्या टपाल कार्यालयाला सौंद यांचे नाव देण्यात आले. २००७ मध्ये त्यांचे तैलचित्र संसद भवनात लागले.

मग याचा अर्थ काय घ्यायचा?

सौंद आशियात गेले तेव्हा अमेरिकन सरकारने त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितले, पाहा, आमच्याकडे भेदभाव नाही! शीतयुद्धाचा तो काळ होता. स्वतः सौंदही अमेरिकन लोकशाहीचे मनापासून गुणगान करत. वर्गात एका मुलीने विचारले, "सर, एवढा अन्याय होऊन ते स्तुती कशी करत होते?"

मला वाटते, याचे उत्तर एका बाजूने देता येत नाही. एक माणूस निवडून आला म्हणून अन्याय नव्हता असे ठरत नाही. तेवीस वर्षे दार बंद होते, आणि त्यात कित्येकांची उमर निघून गेली. पण जे दार एका निकालाने बंद झाले, ते लोकांनी, दोन पक्षांच्या खासदारांनी आणि वर्गण्या काढणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून रीतसर कायद्याने उघडले, हेही खरे. सौंद दुसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवून जगले. पहिली गोष्ट विसरू नये, हे आपले काम.

पुढे याच सेलर यांच्या नावाशी जोडलेला १९६५ चा कायदा आला. त्याने देशवार जुने आकडे रद्द केले आणि भारतातून शिकलेल्या माणसांचा ओघ सुरू झाला. बेळगावचा एक तरुण रसायनशास्त्र शिकायला १९७९ मध्ये अमेरिकेस गेला तो या कायद्यानंतरच्या काळात. ठाणेदार यांना १९८८ मध्ये नागरिकत्व मिळाले. ते 'गोरे' आहेत की नाहीत, हे त्यांना कोणी विचारले नाही. तो प्रश्न त्यांच्यापुरता सौंद, थिंद आणि सखाराम गणेश पंडित यांच्या पिढीने आधीच सोडवून ठेवला होता.

शेवटी एक गोष्ट आमच्या विश्वस्तांसाठी. सौंद यांच्या यशाची यादी करताना बर्कलीचे विद्यापीठ सर्वांना आठवते. मला मात्र अक्षरओळख नसलेल्या त्या कंत्राटदारांची एक खोली आठवते. ती बांधताना यातून कोण निघेल हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्या शाळेच्या नव्या खोल्यांचे काम मागे पडले, की मी हे मनाशी म्हणतो.

वर्गात चर्चेसाठी

१. ओझावा आणि थिंद यांच्या निकालांत न्यायालयाने वापरलेले दोन निकष कोणते? दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात का?

२. भारतात लोकसभेची निवडणूक लढवण्यासाठी कोणत्या अटी आहेत? राज्यघटनेतील कलम ८४ शोधून वाचा आणि अमेरिकेतील अटींशी ताडून पाहा.

३. आपल्या घरातील किंवा गल्लीतील, दुसऱ्या गावाहून येऊन इथे स्थायिक झालेल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला. इथले मतदार यादीतले पहिले नाव त्यांना कधी मिळाले आणि त्या दिवशी काय वाटले, हे अर्ध्या पानात लिहून आणा. निवडक लेख पुढील अंकात छापू.